सफारी की स्कॉर्पिओ-एन? सात माणसांच्या घरासाठी मोठी गाडी निवडताना

आमच्या घरात सात माणसं. आजी, आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. बरीच वर्षं गणपतीला गावी जाताना आमच्या दोन गाड्या निघायच्या. एक आमची छोटी हॅचबॅक आणि दुसरी भाड्याची. निम्मं घर एका गाडीत, निम्मं दुसऱ्या गाडीत, आणि चहाला कुठे थांबायचं यावरून दर तासाला फोन. शेवटी एकच मोठी गाडी घ्यायचं ठरलं आणि यादी छाटता छाटता दोन नावं उरली: टाटा सफारी आणि महिंद्रा स्कॉर्पिओ-एन.

ही जोडी फार घरांत उरते. दोन्ही गाड्या पुण्याच्या परिसरातच बनतात, सफारी पिंपरीत आणि स्कॉर्पिओ-एन चाकणला. सफारीची लांबी ४६६८ मिलिमीटर, स्कॉर्पिओ-एनची ४६६२. फरक सहा मिलिमीटरचा. रुंदीतही जवळपास बरोबरी, १९२२ आणि १९१७. किमतीही एकमेकींच्या अंगावर येतात. म्हणून माणूस व्हेरियंटचे तक्ते समोर ठेवून सनरूफ आणि स्क्रीनची तुलना करत बसतो. मीही दोन आठवडे तेच केलं. त्यातून काहीच ठरलं नाही, कारण या दोन गाड्यांतला खरा फरक तक्त्यात नाही, पत्र्याखाली आहे.

मुळातला फरक आधी समजून घ्या

स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमवर उभी आहे. खाली शिडीसारखी पोलादी चौकट, तिला इंजिन आणि चाकं जोडलेली, आणि वर बॉडी बसवलेली. ट्रक, पिकअप असेच बनतात. सफारी मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी हाच तिचा सांगाडा. तिचा पाया लँड रोव्हरच्या डी-८ प्लॅटफॉर्मवरून घेतलेला आहे. १९९८ साली आलेली जुनी सफारी मात्र फ्रेमवाली होती. आजची सफारी २०२१ मध्ये आली. नाव तेच असलं तरी जात वेगळी. जुन्या सफारीच्या आठवणीवर विसंबून नवी घेऊ नका आणि तिच्याबद्दलच्या जुन्या तक्रारींवरून नवी नाकारूही नका.

दुसरा फरक ताकद कोणत्या चाकांना मिळते याचा. सफारीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. तिला फोर-व्हील-ड्राइव्ह मिळत नाही. स्कॉर्पिओ-एनची ताकद मागच्या चाकांना जाते, आणि डिझेलच्या काही व्हेरियंटना फोर-व्हील-ड्राइव्ह मिळते.

या दोन गोष्टींतून पुढचं सगळं निघतं: चढायला किती उंच, तिसऱ्या रांगेत पाय किती मोकळे, घाटात किती हेलकावे, चिखलात कोण अडकणार.

वर्षभराचा प्रवास कागदावर लिहून काढा

शोरूममध्ये जाण्याआधी हे करा. गेल्या वर्षात घर एकत्र कुठे कुठे गेलं ते आठवून लिहा. प्रत्येक प्रवासापुढे चार गोष्टी मांडा: माणसं किती, किलोमीटर किती, सामान किती, आणि शेवटचे दोन किलोमीटर रस्ता कसा होता.

आमची यादी अशी झाली. गणपतीला राजापूरकडचं गाव, अणुस्कुरा घाटातून, सात माणसं. मे महिन्यात तेच. जेजुरी आणि तुळजापूर, सात माणसं. लग्नकार्यं चार, पाच ते सात माणसं. उरलेले साडेतीनशे दिवस मी ऑफिसला, एकटा, रोज अठरा किलोमीटर.

ही यादी पाहून दोन गोष्टी कळल्या. तिसरी रांग वर्षातून आठ-दहा वेळाच लागणार, पण लागेल तेव्हा सहा-सात तास लागणार. आणि त्या रांगेत पोरंच बसतील असं नाही, कारण आजीशेजारी पतवंडं हवीत हा घरचा अलिखित नियम आहे. म्हणजे मागे बसणार मी किंवा बायको. तुमची यादी वेगळी निघेल. पण ती नसेल तर शोरूममधला माणूस जी गाडी दाखवेल तीच चांगली वाटत राहील.

पार्किंग टेपने मोजा

इथे फार वेळ घालवायला नको, पण मोजा नक्की. सोसायटीत आखलेली जागा अडीच मीटर रुंद असेल, तर १९२२ मिलिमीटरची सफारी मधोमध लावल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम २९ सेंटिमीटर उरतात, आणि त्यातून आरसे वजा. शेजारच्याने खांबाला चिकटून गाडी लावली की दार उघडायचे वांधे. यांत्रिक पार्किंग असेल तर त्याच्या पाटीवर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. सफारी १७९५ मिलिमीटर उंच आहे, स्कॉर्पिओ-एन १८५७.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सफारीचं मागचं दार वर उघडतं, स्कॉर्पिओ-एनचं कपाटासारखं बाजूला. बाजूला उघडणाऱ्या दाराला मागे जागा लागते. गाडी भिंतीला टेकवून लावायची सवय असेल, तर रोज बॅग काढायला गाडी पुढे घ्यावी लागेल. उलट, छत बुटकं असेल तर वर उघडणारं दार आपटतं. तुमच्याकडे कुठली अडचण आहे ते घरूनच ठरवून जा.

घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला सोबत न्या

आजीच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. पहिल्या खेपेला आम्ही तिला नेलं नाही, "उगाच दगदग कशाला" म्हणून. ती चूक होती. दुसऱ्या खेपेला नेलं आणि पाच मिनिटांत जे कळलं ते आधीच्या दोन आठवड्यांत कळलं नव्हतं.

स्कॉर्पिओ-एनचं दार उघडलं. आजीने डाव्या हाताने साडीच्या निऱ्या धरल्या, उजव्या हाताने दाराजवळचा दांडा पकडला आणि पाय उचलला. पाऊल फ्लोअरच्या कडेपर्यंत पोचलं नाही. पुन्हा खाली ठेवलं. पुन्हा उचललं. मग बाबांनी कोपराला आधार दिला तेव्हा ती चढली, आणि बसल्यावर पहिलं वाक्य, "उतरताना काय करायचं?" सफारीतही तिला पाय उचलावाच लागला, पण फ्लोअर थोडा खाली असल्याने दुसऱ्या प्रयत्नात ती आपली आपण बसली.

फूटबोर्ड बसवून हा फरक कमी होतो. पण तो बसवलेली गाडी दाखवायला लावा आणि त्यावर पाय ठेवून पाहा. फूटबोर्ड अरुंद असेल तर पावलाचा पुढचा भागच टेकतो, आणि पावसात ओल्या चपलेने तो घसरतो. म्हाताऱ्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, म्हणून दोन्ही करून बघा. तीन वेळा. एकदा तर कोणीही उत्साहात चढतं.

तिसरी रांग: इथे अर्धा तास द्या

विक्रेता म्हणेल, "सर, मागे दोघं आरामात बसतात." तुम्ही स्वतः बसा. घरातला सगळ्यांत उंच माणूस पुढे बसवा, त्याला सीट त्याच्या सोयीने मागे घेऊ द्या, मधली रांग त्याच्यामागच्या माणसाच्या सोयीने लावा, आणि उरलेल्या जागेत मागे जाऊन वीस मिनिटं बसून राहा. फोन बघू नका. गुडघे कुठे टेकतात, मांड्यांना खालून आधार मिळतो का, डोकं छताला लागतं का, बाहेरचं काही दिसतं का, एवढंच पाहा.

फ्रेमवर बांधलेल्या गाडीत मागचा फ्लोअर उंच येतो आणि सीट त्या मानाने खाली राहते, म्हणून गुडघे वर येतात. स्कॉर्पिओ-एनच्या तिसऱ्या रांगेत मला हेच झालं. पंधराव्या मिनिटाला मी मांडी बदलायला जागा शोधत होतो. सफारीतही पाय लांब करता आले नाहीत, पण पाठ आणि डोकं मोकळं होतं. माझी उंची पाच फूट आठ इंच. तुमची मुलं दहा वर्षांच्या आतली असतील आणि मागे तीच बसणार असतील, तर ही तक्रार तुमच्यापुरती गैरलागू आहे.

एसीचं तेवढंच महत्त्वाचं. आम्ही पाहिलेल्या सफारीत तिसऱ्या रांगेला स्वतःचे एसी व्हेंट होते, स्कॉर्पिओ-एनमध्ये नव्हते. दुपारी दोन वाजता उन्हात उभी केलेली गाडी मागा, एसी लावा आणि मागे थंडावा पोचायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा. घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांच्यासाठी मागची कोंदट हवा हेच निम्मं कारण असतं. मागच्या चाकांच्या वर बसल्याने हेलकावेही तिथेच जास्त. गाडी लागणाऱ्या माणसाला तिसऱ्या रांगेत बसवायचंच नाही, हे गाडी कुठलीही घेतली तरी पाळा.

आत शिरायची वाटही बघा. सहा सीटवाल्या गाडीत मधे दोन सुट्या कॅप्टन सीट असतात, सात सीटवाल्यात सलग बाकडं. कॅप्टन सीट आरामाच्या आहेत, पण एक माणूस कमी बसतो. आमच्यासारखी सात माणसं असतील तर हा मोह सोडायला हवा. आणि पोर आजीच्या मांडीवर झोपतं तेव्हा सलग बाकडंच बरं पडतं.

सामान: सात माणसं बसवून मग बॅगा ठेवा

डिकीचा लिटरमधला आकडा विसरून जा. घरून खऱ्या बॅगा न्या. आम्ही एक मोठी ट्रॉली बॅग, दोन सॅक आणि येताना तांदळाचं जेवढं पोतं असतं तेवढी एक पिशवी नेली होती. तिन्ही रांगा उभ्या ठेवल्यावर दोन्ही गाड्यांत मागे जागा थोडीच उरते. सफारीत सॅक आणि पिशवी बसली, ट्रॉली नाही. स्कॉर्पिओ-एनमध्ये फक्त सॅक, त्याही उभ्या कोंबून.

सफारीची तिसरी रांग अर्धी-अर्धी दुमडते. सहा माणसं असली की एक बाजू आडवी करून तिथे ट्रॉली, दुसऱ्या बाजूला माणूस. स्कॉर्पिओ-एनचं मागचं बाकडं एकसंध आहे, दुमडायचं तर सगळंच. म्हणजे सहावा माणूस आला की सामान वर जाणार. टपावर कॅरिअर लावणार असाल तर गाडीच्या पुस्तिकेत टपावर किती किलो चालतं ते वाचा आणि त्याच्यावर जाऊ नका. उंच गाडीच्या डोक्यावर वजन चढलं की वळणावर ती जास्त कलते.

टेस्ट ड्राइव्ह: घर भरून, आणि तुमच्या रस्त्यावर

शोरूमजवळच्या गुळगुळीत रस्त्यावर एकट्याने मारलेल्या फेरीतून काही कळत नाही. किमान पाच माणसं बसवून चालवा. रिकामी असताना फ्रेमवाली गाडी खड्ड्यांवर थोडी उडते, भरली की शांत होते. स्कॉर्पिओ-एनच्या मागच्या सस्पेन्शनची बांधणी (मागची चाकं धरणाऱ्या पाच दांड्या आणि आडवे हेलकावे रोखणारं वॉट्स लिंकेज) जुन्या स्कॉर्पिओच्या मानाने खूप सुधारलेली आहे. जुनीत बसून पाठ धरली असेल तर त्या आठवणीवर नवीला बाद करू नका. तरी घाटातल्या सलग वळणांवर सफारी जास्त ठाम वाटते आणि एक्स्प्रेसवेवर तिच्यात कमी थकायला होतं. खराब रस्त्यावर मात्र स्कॉर्पिओ-एन कशालाच दाद देत नाही. पूर्ण मोडलेल्या वाटेवर ती चालवताना मनात धाकधूक राहत नाही, हे तिचं मोठं बलस्थान.

सफारीच्या वरच्या व्हेरियंटना १९ इंची चाकं येतात, खालच्यांना १७ आणि १८. चाक मोठं झालं की टायरची रबराची भिंत बुटकी होते, खड्डा जास्त जाणवतो आणि टायर बदलायचा खर्चही वाढतो. दिसायला १९ इंची छान. माझं मत: आपल्या रस्त्यांवर घरासाठी १८ पुरेत.

आता चिखलाचं. आमच्या गावच्या घरापुढे जांभ्याच्या लाल मातीचा साठ-सत्तर फुटांचा चढ आहे. भर पावसात त्याचा लोण्यासारखा चिखल होतो. भरलेली गाडी चढावर लागली की वजन मागे सरकतं. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांवरचा भार नेमका तेव्हाच हलका होतो आणि ती जागच्या जागी फिरायला लागतात. मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीला त्याच वजनाचा फायदा मिळतो. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर प्रश्नच मिटला. शेतातली पाणंद, नदीकाठची वाट, बांधकामाची साइट हे तुमच्या वर्षाच्या यादीत पुन्हा पुन्हा येत असेल, तर स्कॉर्पिओ-एन घ्या, आणि बजेट पुरत असेल तर फोर-व्हील-ड्राइव्हच घ्या. हा चढ आमच्या यादीत वर्षातून दोनदा येतो. आम्ही गाडी खाली लावून चालत जायचं ठरवलं. आजीला मात्र वर सोडायला चुलत्यांची जीप येते.

गाडी घरात जे जे चालवणार त्या प्रत्येकाने चालवून बघावी. बायकोला स्कॉर्पिओ-एनची उंच बैठक आवडली. बॉनेटची दोन्ही टोकं दिसतात, त्यामुळे अरुंद गल्लीत अंदाज येतो असं ती म्हणाली, आणि ते खरं आहे.

डिझेल की पेट्रोल

सफारीचं २ लिटर डिझेल १७० पीएसचं (पीएस हे हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप). स्कॉर्पिओ-एनचं २.२ लिटर डिझेल १७५ पीएसचं, खालच्या व्हेरियंटमध्ये १३२ पीएसचं. तिचं २ लिटर टर्बो पेट्रोल २०३ पीएसचं आहे. सफारी अनेक वर्षं फक्त डिझेलमध्ये मिळायची, आता तिला १.५ लिटरचं टर्बो पेट्रोलही आलं आहे. सात माणसं भरून घाट चढायचा असेल तर १३२ पीएसचं व्हेरियंट टाळा.

हिशोब असा करा. समजा पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी ९ चा ॲव्हरेज देते. डिझेल ९१ रुपये आणि ॲव्हरेज १२. पेट्रोलला किलोमीटरमागे साडेअकरा रुपये, डिझेलला साडेसात. चार रुपयांचा फरक. डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग पडली तर तो पैसा साधारण ३१,००० किलोमीटरला वसूल होतो. वर्षाला १५,००० चालवणाऱ्याला दोन वर्षं, ८,००० चालवणाऱ्याला चार. आकडे तुमच्या गावचे घाला.

पण फक्त पैशावर ठरवू नका. आजच्या डिझेल गाडीत डीपीएफ असतो, धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती काजळी जाळायला इंजिन काही वेळ सलग तापलेलं चालावं लागतं. रोज चार-पाच किलोमीटर, ट्रॅफिकमध्ये, इतकंच चालवलं तर ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. ज्यांचा रोजचा फेरा इतका छोटा आहे आणि गावही जवळ आहे, त्यांनी पेट्रोल घ्यावं. मी रोज अठरा किलोमीटर जातो, त्यातला बराचसा भाग बायपासवरून. म्हणून आम्ही डिझेल धरलं. डीईएफ हे धूर स्वच्छ करणारं द्रव्यही वेगळ्या टाकीत अधूनमधून भरावं लागतं, ते संपू द्यायचं नसतं.

सुरक्षेचे तारे नीट वाचा

गाड्या आपटवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे दिले. मुलांच्या बाबतीत ४९ पैकी २८.९३ गुण. सफारीला २०२३ मध्ये दोन्हीकडे पाच तारे मिळाले, मुलांसाठी ४९ पैकी ४५. त्याच वर्षी भारत एनकॅप या आपल्याकडच्या चाचणीतही तिला दोन्हीकडे पाच. ज्या घरात लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी हा फरक छोटा नाही. आमच्या निर्णयात त्याचं वजन मोठं होतं.

तारे पाहून थांबू नका. तुम्ही घेत असलेल्या व्हेरियंटमध्ये प्रत्येक सीटला, मधल्या सीटलासुद्धा, खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा आहे का ते हात लावून बघा. आयसोफिक्सचे हुक कुठे आहेत ते शोधा आणि मुलाची सीट घरून नेऊन अडकवून बघा. मागे बसणाऱ्यांना पट्टा नको वाटतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या. आमच्या घरी आता सातही पट्ट्यांचा आवाज आल्याशिवाय चावी फिरत नाही.

कोटेशन ओळ ओळ वाचा

दोन्हीकडून ऑन-रोड किमतीचं लेखी कोटेशन घ्या. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या डिझेल गाडीला १० ते २० लाखांत १४ टक्के रोड टॅक्स आहे, २० लाखांच्या वर १५. पेट्रोलला हेच १२ आणि १३. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. तुमचं व्हेरियंट २० लाखांच्या रेषेवर येत असेल तर कर कोणत्या रकमेवर धरला ते लिहून घ्या. १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने आधीच कापून घेतलेला आयकर) लागतो, पण तो खर्च नाही. आयकर विवरणपत्रात तो परत धरता येतो, पावती जपा. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर कमी होऊन ४० टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीचे किमतीचे व्हिडिओ आता कामाचे नाहीत.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच तीन वर्षांचा घ्यावा लागतो, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा वर्षाचा चालतो. बाहेरून दोन कोटेशन काढा आणि आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सारखी ठेवून तुलना करा. एका शोरूममध्ये आम्हाला विम्यात तीस हजारांहून जास्त फरक दिसला. बाहेरचं कोटेशन टेबलावर ठेवलं तसा तो दहा मिनिटांत मिटला. "हँडलिंग चार्ज" नावाची ओळ असेल तर ती काढायला सांगा. ॲक्सेसरीजचा पॅक घेतलाच पाहिजे असं म्हणाले तर उठा.

आम्ही काय ठरवलं

सफारी, डिझेल, सात सीट, १८ इंची चाकं. कारणं याच क्रमाने: आजीचं चढणं-उतरणं, मुलांच्या सुरक्षेचे गुण, तिसऱ्या रांगेतला एसी, अर्धी-अर्धी दुमडणारी सीट. धाकट्या भावाचं शेत आहे, घरात चार माणसं, रोज कच्चा रस्ता, वर्षातून दोनदा शेतातली ट्रॉली ओढायची. त्याला मी डोळे मिटून स्कॉर्पिओ-एन घे म्हणालो, आणि त्याने फोर-व्हील-ड्राइव्ह बुक केली.

ताबा घेण्याआधीचं एक काम उरतं. नोंदणी होण्यापूर्वी गाडी यार्डात जाऊन बघा, दिवसा उजेडी. चेसिस नंबर कागदाशी जुळवा. गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष फॉर्म २१ वर असतं, ते विचारा. सहा महिने उभी राहिलेली गाडी असेल तर दुसरी मागा. पाचही टायरांवरची तारीख, काचांवरचे नंबर, दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, ओडोमीटर किती, हे पाहा. शेवटी तिसऱ्या रांगेची सीट दुमडून पुन्हा उभी करा, एसी लावून मागे हात धरा, सातही पट्टे ओढून लावून बघा. काही खटकलं तर नोंदणीआधीच लेखी कळवा. एकदा नंबर पडला की ती गाडी तुमची झाली.